आपली पाठ आणि काही सोपे व्यायाम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. पापड-कुरडयांवर बोलायचे असेल तर बोलेन." त्या हसल्या. म्हणाल्या, "पापडांवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. तुम्ही पाठीवर बोला. तुमच्या ओसरीवर दुपारी चार बायकांना जे करून दाखवता, तेच सांगा." मला नाही म्हणता आले नाही. म्हणून हे चार शब्द. यात काही चुकले तर ते माझे, आणि काही उपयोगी वाटले तर ते मला शिकवणाऱ्यांचे, असे समजावे.

आपल्यापैकी किती जणींची कमर दुखते, त्यांनी हात वर करा, असे मी म्हणणार नाही. कारण हात वर करतानाही काही जणींची पाठ दुखेल! पण सकाळी अंथरुणातून उठताना कमरेला हात लावून "आई गं" म्हटले नाही अशी बाई राळेगावात शोधावीच लागेल. आणि हे दुखणे काही आपल्या एकटीचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की २०२० साली साऱ्या जगात सुमारे ६२ कोटी माणसांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत हिचा नंबर पहिला लागतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती अधिक आढळते. म्हणजे आपण एकट्या नाही. पण त्या ६२ कोटींत आपलीही मोजदाद झाली, एवढ्याने काही कमर राहत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मी व्यायामाच्या मागे का लागले ते कळणार नाही.

चार वर्षे झाली. दिवाळी होऊन गेली होती, शेतात कापसाचा दुसरा वेचा चालू होता. मजूर मिळेनात, म्हणून मीही कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत उतरले. चार दिवस वेचणी केली. वेचणीचे काम कसे असते ते तुम्हाला मी काय सांगावे? वरची बोंडे उभ्याने निघतात, पण खालच्या बोंडांसाठी झाडागणिक वाकावे लागते. ओटी भरत जाते तसतशी ती कमरेला पुढे ओढते. पाचव्या दिवशी पहाटे उठले, चहा ठेवला, आणि पाण्याचा गुंड उचलायला वाकले. तोच कमरेत काहीतरी लचकले. तशीच वाकलेली राहिले. वर येता येईना, खाली बसता येईना. आमच्या घरच्यांनी आणि धाकट्या दिराने धरून खाटेवर नेऊन निजवले.

पहिले दोन दिवस हलणेच शक्य नव्हते. पण त्यानंतर जी ती बाई येई ती सांगे, "हलू नको." कोणी म्हणे लाकडी फळीवर नीज, कोणी पट्टा आणून दिला, कोणी तेल दिले. मी तीन आठवडे पडून राहिले. जितकी पडले तितकी पाठ लाकूड होत गेली. कूस बदलायची तरी दुसऱ्याचा हात लागे.

त्या तीन आठवड्यांत घर कोणी चालवले? माझ्या दहावीतल्या मुलीने. पाणी भरायची, स्वयंपाक करायची, आजीची पथ्ये सांभाळायची. एके दिवशी अकरा वाजून गेले तरी ती मोरीत भांडी घासत बसली होती. मी खाटेवरून विचारले, "बाई, आज शाळा?" ती मान वर न करता म्हणाली, "आज काही विशेष नव्हतं, आई."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी ओळखले. कारण तीस वर्षांपूर्वी मीच ते माझ्या आईला ऐकवले होते. माझी सातवी झाली आणि त्याच वर्षी आईची पाठ गेली. आई मजुरीने निंदायला, वेचायला जाई. घरात मी मोठी. पहिल्या आठवड्यात "आज शाळेत काही विशेष नाही" म्हणून राहिले, दुसऱ्या आठवड्यात कोणी विचारलेच नाही. आईची पाठ पुढे बरी झाली, पण मी शाळेत परत गेले नाही. यात कोणाचा दोष होता असे मी म्हणत नाही. आईला तर त्याचे दुःख शेवटपर्यंत होते. पण त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या मला वाटले, एका बाईची पाठ मोडते तेव्हा ती तिच्या एकटीची मोडत नाही. मागून येणाऱ्या पोरीचा रस्ता ती अडवते. त्याच संध्याकाळी मी घरात सांगितले, मला यवतमाळला दवाखान्यात न्या.

तिथे तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितले, हाड मोडलेले नाही, नस दबलेली नाही, स्नायू आखडले आहेत. मग त्यांनी मला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवले. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही दिवसातून पुढे किती वेळा वाकता आणि मागे किती वेळा?" मला हसू आले. हा काय प्रश्न झाला? पण घरी आल्यावर, बरे वाटू लागले तेव्हा, एक दिवस मी खडूने भिंतीवर रेघा ओढून मोजले. सडा, रांगोळी, झाडणे, भांडी, धुणे, फरशी, कणीक मळणे, गोठ्यातले शेण. दुपारपर्यंत पुढे वाकण्याच्या ऐंशीच्या वर रेघा झाल्या. आणि मागे? धुणे दोरीवर टाकताना जी काय मान-पाठ वर झाली तेवढीच.

इथेच आपल्या कंबरदुखीची मोठी गोम आहे.

मला त्या बाईंनी पाठीची रचना समजावून दिली, ती थोडक्यात सांगते. आपला पाठीचा कणा म्हणजे एक सरळ काठी नव्हे. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके एकावर एक रचलेले आहेत, आणि त्यांच्याखाली माकडहाडापर्यंत जुळून गेलेले मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. या गादीची मौज अशी की मोठ्या माणसात तिला स्वतःचे रक्त फारसे मिळत नाही. स्पंज दाबला की पाणी बाहेर जाते, सोडला की पाणी आत येते, तसे हालचालीने तिचे पोषण होते. म्हणजे पाठ हलली नाही तर गादी उपाशी राहते. मी तीन आठवडे पडून काय साधले, ते मला त्या दिवशी कळले.

रात्री निजल्यावर या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून माणूस सकाळी रात्रीपेक्षा एखादा सेंटीमीटर उंच असतो. पण फुगलेल्या गादीवर एकदम वाकल्याचा ताण जास्त येतो. पहाटे उठल्या उठल्या गुंड उचलायला गेले आणि पाठ लचकली, यात नवल काहीच नव्हते.

आणखी एक गोष्ट. स्वीडन देशात नाकेमसन नावाचे डॉक्टर होऊन गेले. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी कमरेच्या गादीवर किती दाब येतो ते मोजून पाहिले. माणूस ताठ उभा असताना दाब १०० धरला, तर उताणे निजल्यावर तो २५ होतो, उभ्याने पुढे वाकल्यावर १५० होतो, आणि वाकून ओझे धरल्यावर २२० च्या घरात जातो. ताठ उभे राहण्यापेक्षा नुसते बसणेसुद्धा पाठीला जड, १४०. हे आकडे मी माझ्या मुलीकडून वहीत लिहून घेतले आहेत. गुंड, घमेले, कापसाचे गाठोडे उचलताना मला ते आठवतात, आणि मी गुडघ्यात बसून, ओझे पोटाशी धरून उठते.

आमच्या सासूबाईंना हे व्यायामाचे काही पटेना. त्या म्हणाल्या, "काम हाच व्यायाम व्हय बाई! आमच्या टायमाले कोनी केला होता व्यायाम?" हा आक्षेप अनेकींच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर देते. काम हे श्रम आहेत, त्याने अंग थकते. पण काम अंगाला सगळीकडून सारखे वळवत नाही. ते दिवसभर एकाच बाजूला वाकवते. कागद नेहमी एकाच घडीवर दुमडला तर त्या घडीवरच तो फाटतो. व्यायाम म्हणजे त्या घडीच्या उलट कागद हलकेच वळवणे. आणि सासूबाईंना मी मनात एवढेच म्हटले, तोंडावर नाही म्हटले, की तुमच्या टायमाला व्यायाम नव्हता म्हणूनच आज तुम्हाला काठी लागते आणि आकाशातला चांद पाहायला खाली बसावे लागते.

आणि व्यायाम ही काही बाहेरून आलेली चैन नाही. आपल्या महाराष्ट्राचाच तो वारसा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून त्यांनी मुलामुलींना ते लावले. सूर्यनमस्कारात पाहा, एकदा पुढे वाकायचे, एकदा मागे. पाठीची दोन्ही बाजूंची मशागत. आपल्या शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी तपासले. नागपुरात जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळ स्थापून घरगृहस्थीतल्या माणसांना साधी आसने शिकवली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, विटा, खुर्च्या यांचा आधार देऊन ताठरलेल्या माणसांकडूनही आसने करून घेतली. त्यांचा हा धडा माझ्या फार उपयोगी पडला. हात जमिनीला पोचत नसेल तर लाजायचे कारण नाही. पाट, उशी, खुर्ची घेऊन जमीनच हाताजवळ आणावी. २०१५ पासून तर २१ जूनला साऱ्या जगात योगदिन पाळतात. पण वर्षातून एक दिवस आसने करणे म्हणजे वर्षातून एकदा जेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष व्यायामांकडे वळते. आधी नियम सांगते.

पहाटे उठल्या उठल्या करू नका. तासभर घरात वावरून मग करा, किंवा दुपारची झाकपाक झाल्यावर, दिवेलागणीपूर्वी करा. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. सतरंजी दुहेरी घालून जमिनीवर करा, खाटेवर नको. साडीवर जमत नसेल तर सलवार घाला, त्यात संकोच कसला? आधी अंगणात पाच-सात मिनिटे चाला. कोरडा सुंभ एकदम वाकवला तर तुटतो, ओला केला तर हवा तसा वळतो. तसे अंग आधी गरम झाले पाहिजे. झटका द्यायचा नाही. श्वास कोंडायचा नाही. ताण वाटावा, पण कळ येऊ नये. ताण आला तिथे थांबून मनात सावकाश वीस अंक मोजावेत, मग सोडावे. प्रत्येक व्यायाम दोन-तीन वेळा पुरे.

पहिला व्यायाम, गुडघा पोटाशी. उताणे निजावे, दोन्ही पाय गुडघ्यांत वाकवून तळवे जमिनीवर ठेवावेत. एक गुडघा दोन्ही हातांनी धरून हलकेच पोटाकडे ओढावा. वीस मोजावे. मग दुसरा. हा पवनमुक्तासनाचाच सोपा भाग आहे. गुडघा दुखत असेल तर गुडघ्यावर न धरता मांडीच्या मागे धरावे.

दुसरा, कमर जमिनीला. तसेच निजून राहावे. आपल्या कमरेखाली हात सरकेल एवढी पोकळी असते. पोट आत घेऊन ती पोकळी जमिनीला टेकवायची, पाच मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. पाहायला हा व्यायाम काहीच वाटत नाही, पण माझी लाकूड झालेली पाठ पहिल्यांदा हलली ती याने. पहिल्या चार दिवसांत मला एवढाच जमत होता.

तिसरा, गुडघे डोलवणे. गुडघे एकमेकांना चिकटवून, हात बाजूला पसरून, दोन्ही गुडघे सावकाश डावीकडे न्यावेत, मग उजवीकडे. खांदे जमिनीवरून उचलायचे नाहीत. गुडघे जमिनीला टेकलेच पाहिजेत असे नाही, जातील तिथपर्यंत.

चौथा, मांजराची पाठ. फरशी पुसताना आपण जशा हात-गुडघ्यांवर येतो तसे यावे. श्वास सोडत पाठ वर कमानीसारखी करावी, मान खाली. श्वास घेत पाठ खाली झोक्यासारखी सोडावी, मान किंचित वर. असे आठ-दहा वेळा. याला मार्जरासन म्हणतात. सगळ्या व्यायामांत आमच्या ओसरीवरच्या बायकांना हाच आवडतो, कारण यात पुढचे वाकणे आणि मागचे वाकणे दोन्ही येते.

पाचवा, टाचांवर बसून पुढे नमणे. मांजराच्या स्थितीतूनच मागे टाचांवर बसावे, हात पुढे लांब करावेत, कपाळ जमिनीकडे न्यावे. कपाळ टेकत नसेल तर पुढे उशी ठेवावी. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये घडीची चादर ठेवावी, आणि तरीही दुखले तर हा व्यायाम सोडून द्यावा.

सहावा, अर्धा भुजंग. पालथे निजावे, कोपरे खांद्यांखाली टेकवावीत, छाती हलकेच वर उचलावी. बेंबी जमिनीवरच राहिली पाहिजे. दहा मोजून खाली यावे. पूर्ण भुजंगासनाची घाई नको. दिवसभर पुढे वाकणाऱ्या बाईला हा व्यायाम म्हणजे उलट घडी. पण याने कळ पायात उतरू लागली तर लगेच थांबावे.

सातवा, पदराचा पाय. आपल्याला वाटते पाठ ताठर आहे, पण पुष्कळदा मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात आणि त्या कमरेला ओढतात. उताणे निजून एका तळव्याला जुनी ओढणी किंवा पातळाचा तुकडा अडकवावा, दोन्ही टोके हातांत धरावीत आणि तो पाय जमेल तितका सरळ वर न्यावा. दुसरा गुडघा वाकलेला राहू द्यावा. वीस ते तीस मोजावे. मग पाय बदलावा.

आठवा शेतात जाणाऱ्या भगिनींसाठी. निंदताना, वेचताना, सोयाबीन सोंगताना दर अर्ध्या तासाने एकदा उभे राहावे. पाय थोडे फाकवावेत, दोन्ही तळहात कमरेवर मागून टेकवावेत आणि छाती वर करून हलकेच मागे झुकावे. पाच वेळा. मिनिटभराचे काम आहे. पात धरलेल्या चार जणींनी एकदमच केले तर कोणी एकटी मागे पडत नाही आणि मुकादमालाही बोलायला जागा राहत नाही. आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करावी. दोन फेऱ्या जास्त होतील, पण कमर वाचेल.

एवढे सगळे मिळून वीस मिनिटांच्या आत होते. याच्या जोडीला रोज अर्धा तास सरळ चालणे ठेवावे. नुसती पाठ लवचीक होऊन भागत नाही, तिला बळही लागते. आणि गरीब-श्रीमंत सर्वांना चालण्यासारखे बळ देणारे दुसरे औषध नाही.

आता सावधगिरीचे दोन शब्द. पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा त्या जागेला बधिरपणा आला असेल, तर व्यायाम नाही, घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप असताना पाठ दुखते, वजन विनाकारण उतरते, रात्री निजल्यावरही दुखणे थांबत नाही, किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तरीही आधी डॉक्टर. पाळी गेल्यानंतर आपली हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या मावश्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, पाठीला पोक येऊ लागला आहे, त्यांनी पुढे खोल वाकण्याचे आणि पिळण्याचे व्यायाम करू नयेत. गरोदर बायांनी, नुकते ऑपरेशन झालेल्यांनी विचारल्याशिवाय काही करू नये. आणि पट्ट्याचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत व्यायाम करा असे सांगितले आहे आणि कमरेचा पट्टा सरसकट वापरू नका असेही सांगितले आहे. आमच्या घरचा पट्टा मी खुंटीला टांगला आहे. मुलगा त्याने वह्या बांधतो.

माझी एक फजितीही सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सहा-सात महिने व्यायाम केल्यावर मला गर्व झाला. २१ जूनला सगळ्यांसमोर मोबाइलवर पाहिलेले हलासन करायला गेले. पाय डोक्यामागे गेले खरे, पण मान अशी धरली की तीन दिवस मला शेजारणीशी बोलायला सगळे अंगच वळवावे लागे. सासूबाईंना त्या तीन दिवसांत फार समाधान वाटले. तेव्हापासून मी दुसऱ्याची पाठ पाहून व्यायाम करत नाही.

फरक किती पडला, असे तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी पाय पसरून पुढे वाकले तेव्हा बोटे गुडघ्याच्या खाली चार अंगुळे पोचली. तीन महिन्यांनी घोट्याला लागली. अंगठे अजून सापडलेले नाहीत, आणि ते सापडलेच पाहिजेत असेही नाही. मला घरातली कामे करता येतात, रात्री झोप लागते, एवढे पुरे. पाठ कधीच दुखत नाही असे मी म्हणणार नाही. वेचणीच्या दिवसांत दुखते. पण आता मी तिला घाबरत नाही; तिला काय हवे ते मला कळते. थोडी बरी झाल्यावर मी प्रथम बाहेर पडले ती रावेरीला सीतामाईच्या दर्शनाला. दोन लेकरांना एकटीने वाढवणाऱ्या सीतामाईपुढे कोणाचा हात न धरता वाकले आणि कोणाचा हात न धरता उठले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

माझी मुलगी त्या वर्षी दहावी पास झाली. आज ती यवतमाळला शिकते. घरात आता पाणी भरण्याचे काम मुलाकडे आहे आणि केर काढण्याचे त्याच्या वडिलांकडे. सुरुवातीला कोपरे राहून जात. मी पाहूनही न पाहिल्यासारखे करत असे. माझी पाठ वाचवायची तर एवढे डोळे मिटावेच लागतात.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आपल्या मंडळाचे सभागृह दुपारी रिकामे असते. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता अर्धा तास आपण इथे जमू या. सतरंज्या आहेतच. पण माझ्या मनात आणखी एक आहे. ज्या बायकांची पाठ सर्वांत जास्त मोडते त्या आज इथे बसलेल्या नाहीत. त्या या वेळी शेतात आहेत. त्यांना दुपारचे चार परवडणारे नाहीत. त्यांच्यासाठी रात्री आठ वाजता, जेवणापूर्वी, आठवड्यातून एक दिवस तरी आपण सभागृह उघडे ठेवावे. किल्ली मी सांभाळीन आणि झाडूनही मीच घेईन. त्यांनी यावे, आपल्या मुलींनाही आणावे. कारण कोणत्याही घरात पोरीने भांडी घासता घासता "आज शाळेत काही विशेष नव्हतं" असे म्हणू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

 बराच वेळ बसून झाले आहे. आता सर्वांनी उठावे, हात कमरेवर ठेवावेत आणि माझ्याबरोबर पाच वेळा हलकेच मागे झुकावे. त्यानंतरच हळदीकुंकू आणि चहा!